नागपुरातून संध्याकाळचा धूमकेतू: आधी वेळ आणि जागा, मग कॅमेरा

संध्याकाळचा धूमकेतू हातचा जाण्याची कारणं दरवेळी जवळपास तीच असतात. शहराच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, अर्धा तास उशिरा पोचणं आणि अंधार पडल्यावर फोकस जुळवत बसणं. कॅमेरा साधा होता म्हणून फोटो गेला, असं फार कमी वेळा होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अॅटलास आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लेमन, असे दोन धूमकेतू लागोपाठच्या वर्षी संध्याकाळच्या आकाशात आले. दोन्ही वेळा ‘गेलो होतो, पण काहीच दिसलं नाही’ हेच जास्त ऐकू आलं. पुढचा धूमकेतू कोणताही असो, खालचा क्रम तोच राहील. पायऱ्या पुढेमागे करू नका. बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

## १. किती मिनिटं मिळणार, ते घरी काढा

संध्याकाळचा धूमकेतू सूर्याच्या मागोमाग मावळतो. आकाश पुरेसं काळं झाल्यापासून तो क्षितिजावरच्या धुरकटीत शिरेपर्यंतचा वेळ, एवढाच तुमचा.

नागपूरसाठी दोन आकडे लक्षात ठेवा. सूर्यास्तानंतर साधारण २२ ते २६ मिनिटांनी ठळक तारे दिसू लागतात, ४८ ते ५५ मिनिटांनी क्षितिज पुसट होतं आणि सव्वा तासाने पूर्ण अंधार होतो. हा पहिला. दुसरा असा की, आपल्या अक्षांशावरून पश्चिमेकडे असलेली वस्तू तासाला सुमारे १४ अंश खाली उतरते. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश. म्हणजे एक मूठ उतरायला पाऊण तासापेक्षा थोडं कमी लागतं.

आता हिशेब बघा. ऑक्टोबरच्या मध्यात नागपुरात सूर्य ५:५० च्या सुमारास मावळतो. समजा त्या वेळी धूमकेतू तीन मुठी वर, म्हणजे ३० अंशांवर आहे (ही उंची पुढच्या पायरीतल्या अॅपमध्ये मिळते). ६:३८ पर्यंत तो १९ अंशांवर येईल आणि सव्वासातला १० अंशांवर. त्याखाली गेला की काम अवघड होतं. १० अंशांवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने साडेपाच पट हवेतून येतो, ५ अंशांवर तर दहा पट. म्हणजे हातात खरी चाळीस मिनिटं आहेत. त्यातली वीस ट्रायपॉड उघडण्यात गेली, तर उरलं काय?

तपासा: कागदावर तीन वेळा लिहिल्यात का? सूर्यास्त, धूमकेतू दिसू लागण्याची वेळ आणि तो १० अंशांवर येण्याची वेळ. त्या नसतील तर अजून निघू नका.

## २. अॅपमधली माहिती ताजी करा

आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम बहुतेकांकडे असतं, पण त्यात धूमकेतूचे कक्षांक, म्हणजे त्याच्या कक्षेचे आकडे, जुने असले तर तो भलत्याच ताऱ्याजवळ दिसतो. संगणकावरच्या स्टेलॅरियममध्ये ‘सोलर सिस्टिम एडिटर’ नावाचं प्लगिन आहे. त्यातून धूमकेतू आणि लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची ताजी यादी आयात करता येते. ते करा, मग ठिकाण नागपूर आहे की नाही बघा आणि त्या संध्याकाळची वेळ लावून चित्र फोनमध्ये ठेवा. गावाबाहेर रेंज मिळेलच असं नाही.

चित्रात तीन गोष्टी टिपून ठेवा: जवळचा ठळक तारा किंवा ग्रह कोणता, त्यापासून किती मुठी, आणि कोणत्या बाजूला. ऑक्टोबर २०२४ मध्ये शुक्र आणि स्वाती हे दोन्ही पश्चिमेला होते, आणि त्यांच्या आधाराने शोध घेणाऱ्यांना धूमकेतू पटकन सापडला. नुसतं ‘पश्चिमेला दिसेल’ एवढ्यावर गेलेले लोक अख्खं आकाश धुंडाळत राहिले.

फोनच्या होकायंत्रावर विसंबून राहू नका. गाडीच्या बॉनेटवर किंवा चुंबक असलेल्या फोन-होल्डरवर ते सहज फसतं. सूर्य मावळतो ती जागाही दरवेळी नेमकी पश्चिम नसते: डिसेंबरात तो नागपुरातून पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला.

आणि प्रतीचा, म्हणजे तेजाचा आकडा (जितका लहान, तितकी वस्तू उजळ). अॅपमध्ये ‘प्रत ४’ लिहिलं असलं तरी धूमकेतू चौथ्या प्रतीच्या ताऱ्याइतका ठसठशीत दिसत नाही. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा पसरलेला. शिवाय हा आकडा अंदाज असतो आणि धूमकेतू तो अंदाज अनेकदा खोटा ठरवतात.

## ३. चंद्र आणि धूर बघून दिवस ठरवा

२०२४ चा धूमकेतू संध्याकाळी चांगला दिसत होता, तेव्हाच १६ ऑक्टोबरला कोजागरी आली. आकाश दुधाळ झालं आणि शेपूट त्यात बुडाली. २०२५ मध्ये उलट झालं. लेमन पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो २१ ऑक्टोबरला, नेमक्या दिवाळीच्या अमावास्येला. चंद्र नव्हता, पण फटाक्यांचा धूर होता.

यातून नियम असा: पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, त्यामुळे तीन-चार दिवसांतच संध्याकाळ पुन्हा काळी मिळते. धुरासाठी मात्र एकच उपाय. वस्तीपासून लांब जा आणि लक्ष्मीपूजनाच्या एक-दोन दिवस आधीची संध्याकाळ पकडा. पाऊस पडून गेल्यावरची दुसरी संध्याकाळ नागपुरात सर्वांत स्वच्छ असते, माझा कल नेहमी तिच्याकडे.

## ४. दिशा बघून रस्ता निवडा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

‘शहरापासून लांब’ एवढं पुरत नाही. शहर तुमच्या पाठीमागे हवं. नागपूरचा उजेड पन्नास किलोमीटरवरूनही क्षितिजावर पिवळ्या घुमटासारखा दिसतो. तुम्हाला बघायचंय पश्चिमेकडे आणि तुम्ही उभे आहात पूर्वेकडे, तर तो घुमट बरोबर धूमकेतूखाली येतो.

- भंडारा रोड, मौदा: इथून नागपूर थेट पश्चिमेला. संध्याकाळच्या धूमकेतूसाठी हा रस्ता सोडूनच द्या.
- रामटेक: नागपूर नैऋत्येला पडतं, आणि खापरखेडा-कोराडीचे दिवेही त्याच बाजूला. धूमकेतू पश्चिम-वायव्येला असेल, जसा लेमन होता, तर रामटेक चालेल. नैऋत्येकडे झुकलेला असेल तर नाही.
- उमरेड: नागपूर वायव्येला. म्हणजे रामटेकच्या बरोबर उलट हिशेब.
- सावनेर, आदासा: शहर दक्षिण-आग्नेयेला राहतं, पश्चिम मोकळी. आदासा टेकडीवरून क्षितिज चांगलं खाली मिळतं. चतुर्थीला मात्र देवळात गर्दी असते.
- काटोल रोड, अमरावती रोड: शहर सरळ पाठीमागे. काटोल रोडने फेटरी-येरला सोडून कळमेश्वरचे दिवे मागे पडतील इतकं पुढे जा. अमरावती रोडने कोंढाळीच्या दिशेने.
- हिंगण्याच्या पुढे झिल्पी तलाव: पूर्वेच्या काठावर उभं राहिलं की समोर पाणी आणि पश्चिम. पाण्याजवळ दव मात्र लवकर पडतं.

फुटाळा आणि अंबाझरी शहरातच आहेत. शुक्रासारखा झळझळीत धूमकेतू आला तर तिथूनही दिसेल, पण असे धूमकेतू दशकांतून एखादे.

जागा दिवसा एकदा बघून या. पश्चिमेकडे उंच झाडं, वीजतारा, ढाबा, पेट्रोलपंप आहे का? ढाब्याचा एक हॅलोजन सगळी मेहनत घालवतो. शेताच्या धुऱ्यावर उभं राहायचं असेल तर मालकाला विचारून ठेवा. काटोलच्या पट्ट्यात ऑक्टोबरपासून आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी सुरू असते, बागेला राखणदार असतो आणि अंधारात बॅटरी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस त्याला चोरच वाटणार. ‘काका, तासभर धुऱ्यावर उभे राहू, फोटो काढायचाय’ एवढं सांगितलं की बहुतेक जण स्वतःच खाट टाकून देतात आणि आकाशाकडे बघत बसतात.

इशारा: अंबाझरीची आयुधनिर्माणी, वायुसेनानगर आणि विमानतळाच्या कुंपणाजवळ ट्रायपॉड लावू नका. हमरस्त्याच्या कडेला गाडी थांबवू नका, आत वळणारा रस्ता शोधा. जंगलालगत गाडीपासून दूर जाऊ नका. पावसाळ्यानंतरच्या गवतात साप असतात, तेव्हा बंद बूट हवेतच.

## ५. दुपारीच कॅमेरा लावून ठेवा

मेनू अंधारात शोधायचा नसतो. घरीच हे करा:

१. फाइलचा प्रकार रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती).
२. एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल.
३. लेन्सवरचं इमेज स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर लेन्स स्वतःच हलत राहते.
४. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. नाहीतर ६ सेकंदांच्या प्रत्येक फोटोमागे कॅमेरा आणखी ६ सेकंद अडकून बसतो, आणि तुमच्या चाळीस मिनिटांची वीस होतात.
५. सेल्फ टायमर २ सेकंद.
६. व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनच्या आसपास.
७. स्क्रीनची चमक सर्वांत कमी.

लेन्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जात असाल तर ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स सर्वांत कामाची. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर ती सुमारे २६ बाय १८ अंशांचं आकाश पकडते. त्यात धूमकेतू, शेपूट आणि खालची झाडांची रांग सगळं मावतं. २०० मिलिमीटरवर हेच आकाश ७ बाय ४.५ अंश उरतं आणि धूमकेतू चौकटीत आणण्यातच वेळ जातो.

बरोबर घ्या: ट्रायपॉड, दोन भरलेल्या बॅटऱ्या, रिकामं कार्ड, कागदी चिकटपट्टी, सुती कापड, लाल कागद गुंडाळलेला टॉर्च आणि दुर्बीण. दुर्बीण म्हणजे १०×५० किंवा ७×५० ची साधी दोन डोळ्यांची.

## ६. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा

ट्रायपॉडचे पाय पूर्ण ताणू नका, मधली दांडी वर काढू नका. कमरेच्या उंचीवर तो सर्वांत घट्ट राहतो. वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग टांगा.

उजेड आहे तोवर लांबवरच्या मोबाइल टॉवरवर फोकस करून ठेवा. हा कच्चा फोकस. समोरच्या क्षितिजावर ओळखू येईल असं एखादं झाड किंवा टॉवर हेरा आणि धूमकेतू त्याच्या कोणत्या बाजूला, किती मुठी वर येईल ते ठरवून कॅमेरा तिकडे वळवा.

इशारा: सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण पश्चिमेकडे उचलायची नाही. मुलं बरोबर असतील तर ती तुमच्या गळ्यातच राहू द्या. दुर्बिणीतून सूर्यावर क्षणभर नजर गेली तरी डोळा कायमचा अधू होऊ शकतो.

## ७. पहिल्या ठळक ताऱ्यावर पक्का फोकस

लेन्सवरच्या ‘अनंत’ खुणेवर रिंग नेऊन मोकळे होणारे बरेच आहेत. ती खूण नेमकी नसते. सूर्यास्तानंतर पंचवीसेक मिनिटांत स्वाती, अभिजित किंवा शुक्र दिसेल, त्यावर काम करा.

लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) चालू करा, तारा मध्यभागी आणा आणि १० पट मोठा करा. तारा आधी एक मऊ, मोठा ठिपका दिसेल. रिंग अगदी हळू फिरवा. ठिपका आक्रसत जातो, कडेला जांभळट किंवा हिरवट छटा येते, मग टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि पुन्हा फुगू लागतो. तो फुगायला लागेपर्यंत पुढे जाणं गरजेचं आहे. त्याशिवाय सर्वांत बारीक बिंदू कुठे होता ते कळत नाही. आता तेवढंच मागे या. दोन-तीनदा असं पुढेमागे करून सर्वांत बारीक जागी थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगलाही, कारण तिरक्या लेन्सवर ती आपोआप सरकू शकते.

तपासा: एक फोटो काढून तो पूर्ण मोठा करून बघा. तारे बिंदू आहेत की कडी? कडी असेल तर पट्टी काढून पुन्हा.

## ८. शोधा

आधी दुर्बिणीने. ओळखीच्या ताऱ्यापासून सुरुवात करा. १०×५० दुर्बिणीत साधारण सहा अंशांचं आकाश दिसतं, म्हणजे एका मुठीला दीड-दोन दृश्यं. तेवढं मोजत सरका. दिसेल तो एक धूसर, गोलसर पुंजका, आणि त्यातून सूर्याच्या विरुद्ध दिशेला जाणारी फिकट पट्टी. संध्याकाळी ती वर किंवा तिरकी वर जाते. शेपूट फक्त खाली क्षितिजाकडे निघालेली दिसत असेल तर तो बहुधा धूमकेतू नव्हे.

नागपूरवरून विमानांची सतत ये-जा असते आणि मावळत्या प्रकाशात उजळलेला त्यांच्या मागचा बाष्पाचा पट्टा हुबेहूब शेपटीसारखा दिसतो. कसोटी सोपी आहे. तो पट्टा पाच-दहा मिनिटांत सरकतो, पसरतो, आणि अंधार वाढला की विझतो. धूमकेतू अंधार वाढेल तसा ठळक होतो.

दुर्बीण नसेल तर अंदाजाच्या दिशेला ५ सेकंदांचा एक फोटो काढा. कॅमेऱ्याला तो डोळ्यांच्या आधी दिसतो.

## ९. फोटो: एकच सेटिंग धरून बसू नका

एक्स्पोजरची, म्हणजे एका फोटोला किती सेकंद द्यायचे त्याची, मर्यादा आधी काढा. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. क्रॉप सेन्सर असेल तर मिलिमीटरला आधी १.५ ने गुणा. ५० मिलिमीटरला ५०० भागिले ७५, म्हणजे साडेसहा सेकंद. त्यापुढे तारे रेघा होतात. मला हा नियम सैल वाटतो. ५०० च्या जागी ३०० घेतलं तर ४ सेकंद येतात आणि मोठं केल्यावरही तारे गोल राहतात.

मग आकाश काळं होत जाईल तसं वाढवत जा. अॅपर्चर एफ २.८ धरलं तर (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता):

- सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने: आयएसओ ४००, १ ते २ सेकंद.
- पाऊण तासाने: आयएसओ ८००, ४ सेकंद.
- तासाभराने: आयएसओ १६०० ते ३२००, ४ ते ६ सेकंद.

हे आकडे सुरुवातीसाठी. निर्णय हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर घ्या, स्क्रीनवरच्या चित्रावर नाही, कारण अंधारात स्क्रीन नेहमीच उजळ भासते. हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला नको, डावीकडच्या एक-तृतीयांश भागात हवा.

खालच्या झाडांसह एखादी चांगली चौकट मिळाली की कॅमेरा न हलवता तेच सेटिंग ठेवून ३० ते ६० फोटो सलग काढा. शेवटी लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगने १५ ते २० काळे फोटो घ्या. सेन्सरचा गोंगाट घालवायला ते लागतात, आणि ते तिथेच काढायचे असतात, कारण घरी पोचेपर्यंत सेन्सरचं तापमान बदललेलं असतं.

दर दहा मिनिटांनी लेन्सच्या काचेवर तिरपा लाल उजेड टाकून दव बघा. दव आलं असेल तर कापडाने हलकं टिपा. फुंकर मारू नका, वाफ बसते.

फोनने काढणाऱ्यांसाठी: फोन ट्रायपॉडवर, ३ सेकंदांचा टायमर, मुख्य १एक्स लेन्स, फ्लॅश बंद. प्रो मोड असेल तर आयएसओ ८०० ते १६००, ८ ते १० सेकंद, फोकस अनंतावर. झूम करू नका. घरी कापून घ्या.

## १०. आणि डोळ्यांनी बघा

कॅमेरा सलग फोटो काढत असताना तुम्ही मोकळे असता. हा वेळ वाया घालवणं मला फार खटकतं. तुम्ही धूमकेतू बघायला आला आहात, स्क्रीन बघायला नाही. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनकडे एकदा बघितलं की ती मेहनत गेली.

पुंजक्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. शेपटी लांब झाल्यासारखी वाटेल. डोळ्यांच्या कडेचा भाग मंद प्रकाश जास्त पकडतो, म्हणून. दुर्बीण गाडीच्या टपावर किंवा खांबावर टेकवा. हातात धरलेल्या आणि टेकवलेल्या दुर्बिणीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, साधन, शेपटीची लांबी, दिशा. तेजस्विता काढायची असेल तर दुर्बिणीचा फोकस बिघडवून जवळचे तारे धूमकेतूच्या शिराएवढे फुगवा आणि कोणता तारा तितकाच उजळ वाटतो ते बघा. त्याची प्रत म्हणजे साधारण धूमकेतूची प्रत. अशी निरीक्षणं ‘कॉब्स’ या जागतिक संग्रहात हौशी लोक जमा करतात आणि ती खरंच वापरली जातात.

## ११. घरी आल्यावर

सगळ्या रॉ फाइल आधी दोन ठिकाणी ठेवा, मगच कार्ड पुसा.

सलग काढलेले फोटो एकत्र करायला सिक्वेटर, डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही फुकट सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. एक अडचण येते: धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत सरकत असतो. दिवसाला ३-४ अंश जाणारा धूमकेतू दहा मिनिटांत कमानीची दीड मिनिटं (असं एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) पार करतो, आणि ८५ मिलिमीटरच्या फोटोत तेवढ्याने शिर लांबट होतं. डीप स्काय स्टॅकरमध्ये यासाठी वेगळी सोय आहे. पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भाच्या फोटोत धूमकेतूच्या मध्यावर खूण करा, मग तारे आणि धूमकेतू दोन्ही जागच्या जागी राहतात. ५० मिलिमीटर आणि तीन-चार मिनिटांचे फोटो असतील तर याची गरज नाही.

शहराच्या उजेडाचा पिवळा उतार सिरिलच्या ‘बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन’ने काढा. आकाशाचा उजेड मोजायला त्यात लावायचे नमुना-बिंदू शेपटीवर पडू देऊ नका, नाहीतर ते शेपूटच धुऊन टाकतं.

रंग वाढवताना एक कसोटी लावा. शिर हिरवट असू शकतं, कारण तिथे कार्बनच्या जोडरेणूंचा प्रकाश असतो. सूर्यप्रकाशात ते रेणू शेपटीपर्यंत पोचण्याआधीच तुटतात. धुळीची शेपूट पिवळट-पांढरी आणि वायूची निळसर. तुमच्या फोटोत शेपूट हिरवी झाली असेल तर रंग जास्त झालाय, मागे या.

आकाश मोकळं असेल तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जा. वेळा मात्र नव्याने काढा. धूमकेतू रात्रीतून जागा बदलतो, आणि कालचा कागद आज चालत नाही.